साडूच्या बादलीपेक्षा मोठी बादली

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती ते ऐकायचं असेल, तर हा चहा संपेपर्यंत थांबा.

मंठ्यात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. बरोब्बर समोर माझ्या साडूचं, अशोकचं, तेच दुकान. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर कॉपी करायला मला वीस मिनिटं लागायची, त्याला चार! घरी बायको रोज म्हणणार, दाजींचं काम कसं जल्दी होतं. सांगा, घास उतरेल का?

एका बारशात मी त्याला सहज विचारलं. सहज कसलं, आठ दिवस जळून विचारलं. तो म्हणाला, कॉपीचा प्रोग्राम तुम्हीच लिहिलाय ना, मग त्यातला बफर वाढवा. "तुम्ही रांजण वाटीनं भरून राह्यले, साडूभाऊ. बादली घ्या." म्हणजे एका खेपेला किती माल उचलायचा, एवढंच. त्यानं एक एमबी ठेवला होता.

मग मी किती ठेवावा? त्याच्याएवढाच? छे! मी ठेवला एक जीबी.

दुसऱ्याच दिवशी आष्टीचे लक्ष्मणराव लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ न्यायला आले. जीप उभीच होती. लेकीच्या सासरी सगळी भावकी टीव्हीपुढे जमणार होती. मी बटण दाबलं. बारा सेकंदांत 'पूर्ण'! मी दारात येऊन, समोर ऐकू जाईल अशा आवाजात "झालंसुद्धा!" म्हणालो आणि पेनड्राइव्ह उपटून त्यांच्या हातात ठेवला. त्याचा दिवा अजून लुकलुकत होता. असेना का!

आता कळतं. कॉम्प्युटरनं माल नुसता स्वतःच्या पोटात घेतला होता. पेनड्राइव्हवर उतरवणं चालूच होतं. हळद उतरली, नवरदेवाचा वाजतगाजत परण्या उतरला, अंतरपाट धरला गेला, आणि तिथंच मी तो उपटला.

सासरच्या भावकीनं तेवढंच पाहिलं. पुढं टीव्ही काळा. दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव माझ्याकडे आलेच नाहीत, थेट साडूच्या दुकानात. मूळ व्हिडिओ घेऊन मलाच मान खाली घालून रस्ता ओलांडावा लागला.

अशोकनं कॉपी लावली. दिवा थांबेपर्यंत पेनड्राइव्हला हात लावला नाही. आणि माझी नजर? घड्याळावर! चार मिनिटं लागली. मला काही राहवेना.

"मी हेच बारा सेकंदात केल्तं," मी म्हणालो.

लक्ष्मणराव शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. म्हणून तर माझी लेक साऱ्या भावकीसमोर बिनलग्नाची राह्यली."