पाचही पडद्यांवर एकच निबंध

जयपुरातल्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गाला पाच कॉम्प्युटर फुकट मिळाले तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचले होते. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात त्यांच्यावर यंत्रांची डिझाइनं व्हायची. आता ते जुने झाले होते, कुणाच्या कामाचे राहिले नव्हते. बनी पार्कमधल्या हॉलचा जिना ते चढवताना दोघांच्या कमरा धरल्या.

सैन्यात सिग्नल्सचं काम करून निवृत्त झालेले साताऱ्याचे एक सुभेदार आमच्यात आहेत. त्यांनी प्रत्येक डब्यातली डिस्क काढून टाकली, पाचांना तारा लावल्या आणि शेजारच्या खोलीतल्या एका नव्या मशीनला जोडलं. म्हणाले, "वैनी, आता ही नुस्ती टर्मिनलं. डोकं तिकडं, हितं फकस्त तोंड." मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. मी आपलं एक नंबरच्या मशीनला कव्हर शिवलं, आणि दुसरं कुणी त्यावर बसलं की माझं लिहिलेलं पुसलं जाईल म्हणून ओरडायची.

वर्ग मी घेते, आणि खरं सांगायचं तर तो एकाच मुलीसाठी सुरू केला होता. माझ्या. नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीमुळे ती जयपुरातच लहानाची मोठी झाली. आता तेरा वर्षांची आहे आणि "माझा डोकं दुखतो" म्हणते. मग मीही सगळ्यांसमोर म्हणते, "अगं बाई, डोकं दुखतो का? मग त्याला डॉक्टरकडे पाठवू." मुलांना सोडायला आलेल्या बायका खो खो हसतात. यात लेकीला काही लागत असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळीच तिने सांगितलं, "आज लास्ट. नंतर मी नाही येणार." मी म्हटलं, एक पान मराठी लिहून दाखव, मग बघू. ती चार नंबरवर बसून 'माझी आई' लिहू लागली. मी मागून डोकावले आणि सवयीने काहीतरी बोलले. तिने मशीनचं बटण खटकन बंद केलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

मुलं घरी गेल्यावर हजेरी लिहायला मी माझ्या मशीनवर बसले. नाव टाकलं, आणि समोर तिचा निबंध! चार नंबरवर लिहिलेला, एक नंबरवर. 'माझी आई खूप चेष्टा करते. रोज करते. थकत नाही. एवढी चेष्टा कोणाचीच आई करत नाही.'

माझे कान तापले. आधी राग आला, मग रडू. बंद करायला गेले तर भलतंच काहीतरी दाबेन अशी भीती वाटली, म्हणून सरळ प्लग उपटला आणि तीन नंबरवर जाऊन बसले. तिथेही तेच. थकत नाही. पाच नंबरवरही तेच. मेलं पाठच सोडेना! एवढ्यात तिने सगळीकडे कधी लिहिलं, मला काही सुधरेना.

शेवटी सुभेदारांना फोन केला. ते म्हणाले, "वैनी, ते त्या डब्यात न्हाईच. मशीन उघडायला तुमचं समद्यांचं नाव एकच ठेवलंय न्हवं? पोरीनं अर्धवट सोडलं, ते मोठ्या मशीनवर थांबून ऱ्हायलं. तुम्ही जिथं बसाल तिथं दिसणार." मशीनचं थोडं कळलं. लेकीचं नाही कळलं.

मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसले. "मी तुझी खूप चेष्टा करते?"

"हो," ती शांतपणे म्हणाली. "ते चांगलं लिहिलंय ना मी?"

"चांगलं?"

"मतलब, मला मराठी शिकवायची. दुसरं कोणी एवढं नाही करत." माझा चेहरा बघून ती थांबली. "चेष्टा म्हणजे कोशिश ना? हिंदीच्या बुकमध्ये तर तेच आहे."

मी गप्प बसू शकले असते. पण मास्तरीण गप्प कशी बसेल? सांगितलं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, पण मराठीत टिंगल, एखाद्याला हसणं. ती चपलेचा पट्टा काढून पुन्हा लावू लागली.

"मग तो शब्द बदलू या का?" मी विचारलं.

"नको. ते पण खरं आहे."

मला तिची माफी मागायची होती, आणि तिला जवळही घ्यायचं होतं. आधी काय करावं ते कळेना, म्हणून दोन्ही राहिलं. तोंडातून भलताच प्रश्न निघाला, "पुढच्या रविवारी येशील?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"चेष्टा करीन," ती म्हणाली.