मास्तरीणबाईंचा उजवा पाय

मास्तरीणबाई कुठेही बसल्या की त्यांचा उजवा पाय आपोआप कामाला लागायचा. बसमध्ये, शेजाऱ्यांच्या गाडीत, एकदा तर चक्क सिनेमागृहात, पडद्यावरची गाडी वळणावर भरधाव आली तेव्हा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि बाईंचं उभं आयुष्य तो दाबण्यात गेलं होतं. त्या पायाने किती माणसं वाचवली आणि किती भिंती, देव जाणे. कायमचा नापास झालेला विद्यार्थी एकच, तो म्हणजे त्यांचा नवरा. त्याने स्कूलच्याच फाटकाला गाडी घातली आणि मग निमूटपणे सायकल धरली.

बाईंचा एक नियम होता. गाडीतून उतरण्याआधी विद्यार्थ्याने आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. गाडीची, रस्त्याची, समोरच्याची तक्रार नंतर. मोठमोठे लोक इथे घाम पुसायचे.

"अहो बाई, कुत्रा आडवा आला हो!"

"कुत्र्याची फी मी घेतलेली नाही. तुम्ही काय चुकलात ते सांगा."

त्यांची मुलगी याच गाडीत वाढली. एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे स्कूलच्या मालकांनी तिचं नाव भिंगरी करून टाकलं. शिकवणी संपून गाडी आवारात लागली की भिंगरी आईच्या जागेवर चढायची आणि तोंडाने घुर्रर्र करत तासन्‌तास 'गाडी चालवायची'. त्या बाजूला असतो फक्त ब्रेक. त्यामुळे बाकीची पोरं वेगाच्या मागे लागली, तेव्हा ही थांबण्यात तरबेज झाली होती.

मालक तोंडाने फटकळ, पण मन मोठं. त्यांनीच एका रविवारी तिला मित्राच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर नेलं. पाय पोचेनात, तर गल्लीतल्या वेल्डरने पेडलला लोखंडी तुकडा जोडून दिला आणि वर म्हणाला, "पोरगी जिंकली की पेढे नकोत, फोटो द्या." त्याचा विषय निघाला की बाई आजही हात जोडतात. वळणाआधी बाकीचे घाबरून लवकर ब्रेक दाबत. भिंगरी ब्रेक दाबायला शेवटच्या क्षणापर्यंत थांबायची, आणि एकदा पाय टेकवला की गाडी हवी तिथेच वळायची. तिथून ती छोट्या शर्यती, मग मोठ्या शर्यती जिंकत गेली. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी हात दिला, आणि बाईंनी त्यातलं एकही माणूस विसरायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

आणि एक दिवस जगज्जेत्या संघाचं बोलावणं आलं. चालकाची एक जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी चाचणी घेणार होते. दारात उभे असलेले अनेक होते. ही जागा गेली, तर पुन्हा असं दार उघडेल याची खात्री कुणीच देत नव्हतं. भिंगरी आईला सोबत घेऊन गेली.

संघाचं गॅरेज दवाखान्यासारखं स्वच्छ होतं. बाईंना कोपऱ्यातल्या पडद्यासमोर खुर्ची मिळाली. गाडी सुटली आणि इकडे पाय सुरू झाला. प्रत्येक वळणाला बाई फरशी दाबत होत्या. सगळं झकास चाललं होतं, आणि लांब सरळ रस्त्याच्या टोकाला गाडी वळलीच नाही. सरळ ट्रॅकबाहेरच्या खडीत घुसली, पुढचा भाग तुटला. बाईंच्या पोटऱ्या दगड झाल्या.

भिंगरी धडधाकट परतली. हेल्मेट काढायच्या आत संघप्रमुख समोर उभे राहिले.

"काय झालं? गाडीत काही बिघाड?"

"सर, आधी माझी चूक सांगते," भिंगरी म्हणाली. "आधीच्या फेरीलाच ब्रेक जरा खोल जातोय हे कळलं होतं मला. तेव्हाच सांगून परत यायला हवं होतं. फेऱ्या कमी वेळात होत होत्या, म्हणून हाव सुटली."

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. अगं मुली, ब्रेकचं आधी सांग की! ब्रेक बिघडला म्हण आणि मोकळी हो! आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, विद्यार्थ्याने खुशाल गाडीवर ढकलावं. स्वतःच्या नियमाचा त्यांना असा राग कधी आला नव्हता.

मेकॅनिकांनी चाक उघडलं. ब्रेकच्या नळीला जोडापाशी बारीक गळती निघाली. प्रमुखांनी वाकून ती पाहिली.

"हे नुसतं ब्रेकवर टाकलं असतंस तरी आम्ही मानलं असतं," ते म्हणाले. "पण मग पुढच्या वेळी तुझं काय मानायचं, हे मला कळलं नसतं. दुरुस्ती होऊ दे. पुन्हा जा."

दुपारी गाडी पुन्हा सुटली. लांब सरळ रस्ता आला, तेच वळण आलं. भिंगरी थांबली, थांबली, आणि नेमक्या जागी तिने ब्रेक दाबला. गाडी कागदाची घडी घालावी तशी वळली. संध्याकाळी प्रमुखांनी तिच्याशी हात मिळवला आणि जागा तिची झाली. बाईंनी आधी नवऱ्याला फोन लावला, मग मालकांना, मग वेल्डरला. तिघांनाही धड काही सांगता आलं नाही, नुसत्या "तुमचे उपकार, तुमचे उपकार" म्हणत राहिल्या. नवरा म्हणाला, "माझे कसले उपकार? मी तर फाटक पाडलं होतं."

परतताना गाडी भिंगरी चालवत होती.

"आई, पाय दुखत असेल ना तुझा? दिवसभर फरशी दाबली असशील."

"सकाळी फार दुखला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दुपारी नाही. दुपारी मी ब्रेक दाबलाच नाही."

भिंगरीने गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली. डोळे भरून आल्यामुळे तिला पुढचं काही दिसेना.