काच स्वच्छ होती

आमची आत्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. तिच्या कामात खोट काढणाऱ्याची ती अशी हजेरी घ्यायची की तो पुन्हा बेसिनकडे फिरकायचा नाही. मी तिथेच सूक्ष्मदर्शकावर कामाला होते. शरीरात सूज आणणारा दाह कसा पेटतो, हे आम्ही शोधत होतो. जंतूवर सगळ्यात आधी तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी जेमतेम एक दिवस जगतात, म्हणून रोज सकाळी ताजं रक्त लागायचं. निरोगी माणसाचा नमुना म्हणून अकरा वर्षं आत्याचंच रक्त घेत होतो. तिला कधी साधी शिंकही यायची नाही. जगाचे आजार आम्ही तिच्याशी ताडून पाहायचो.

एका सोमवारी तिच्या पेशी बिथरल्या. ज्या काचेच्या बशीत आम्ही त्या सोडायचो, तिच्यात जंतू नव्हतेच. तरी त्या चहूकडून एका रिकाम्या जागी सरकत आल्या, फुटल्या आणि स्वतःच्याच पोटातल्या धाग्यांचं जाळं टाकून मेल्या. मागून आणखी आल्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी खापर काचेवर फोडलं. मेलेल्या जंतूचा कण काचेला चिकटून राहिला, तरी या पेशी पेटतात. शुक्रवारपर्यंत सुधारणा नाही झाली, तर धुण्याचं काम आत्याकडून काढून घेणार होत्या. आत्याचं जेवण सुटलं. तिने प्रत्येक बशी तीनतीनदा धुतली, भट्टीत तासन्‌तास भाजली. रोज सकाळी पेशी पुन्हा रिकाम्या जागेवर चालून जात.

शुक्रवारी माझं डोकं फिरलं. आत्याने धुतलेल्या बशीत मी माझ्या रक्तातल्या पेशी सोडल्या. त्या गप्प पडून राहिल्या. मग कारखान्यातून आलेली सीलबंद बशी उघडून तिच्यात आत्याच्या सोडल्या.

त्या चालू लागल्या.

आत्याने भिंगातून पाहिलं. तिचा चेहरा उजळला. मॅडमकडे वळून ती म्हणाली, "बघा. काच स्वच्छ होती."

मॅडम तिच्या हातांकडे बघत होत्या. बोटांची पेरं सुजली होती. गरम पाण्याने होतं, असं आत्या कित्येक महिने सांगायची आणि दाहावर काम करणारे आम्ही शहाणे मान डोलवायचो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मला स्वतःची लाज वाटली.

आत्या पुन्हा भिंगावर वाकली.

"इथे तर कुणीच नाहीये," ती हळूच म्हणाली. "मग या माझ्यात कुणाला मारतायत?"