मोहाचा वास

ही गोष्ट मी आजवर टाळली. थोरल्या भावाविषयी मुलांनी विचारलं, की 'तुमचे मोठे बाबा पोटाच्या दुखण्यानं गेले' एवढंच सांगायचो. ते खरं होतं. बाकीचं मी लपवलं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आम्ही धानोऱ्याला राहत होतो. भाऊ मोहफुलांच्या गोदामात कामाला होता. फुलं वाळवायची, पोत्यांत भरायची. तो वास त्याच्या सदऱ्यात, केसांत मुरलेला असे. जवळ बसलं की प्यायलेल्या माणसाजवळ बसल्यासारखं वाटे. प्रत्यक्षात तो थेंबही घेत नसे. पिणारा मी होतो. चोरून.

एका पावसाळ्यात त्याला शौचातून रक्त पडू लागलं. पोटात कळा, दिवसातून आठ-दहादा बाहेर जाणं. हिवाळ्यापर्यंत नुसती हाडं उरली. त्याच दिवसांत वहिनीला बैलांच्या तणसाच्या गंजीत दारूची शिशी सापडली. तिनं ती त्याच्यापुढे ठेवली.

"हे कोनाची?"

"माह्यी नाई."

"मंग का बैल पेते?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न ठरत होतं. मी दोर वळत राहिलो.

चांद्याच्या डॉक्टरांकडे त्याला मीच नेलं. त्याच्यावर वाकताच डॉक्टर थबकले. "दारू कधीपासून?"

"मी पेत नाई, साहेब. गोदामातल्या फुलायचा वास हाय."

"सगळे हेच सांगतात." त्यांनी मला विचारलं. मी मान खाली घातली.

आधी दारू सोडा, मग या, म्हणाले.

परतताना भाऊ एवढंच बोलला, "तुह्यं लगन होऊन जाऊ दे. मंग वहिनीले सांगजो."

लग्न झालं. मोहाचा हंगाम यायच्या आत तो गेला. मी सांगितलं नाही.

पुष्कळ वर्षांनी नागपूरच्या एका डॉक्टरला मी ती लक्षणं सांगितली. आतड्याला सूज येण्याचा आजार असावा, तो म्हणाला. दारूनं काहींचा त्रास वाढतो, पण थेंबही न घेणाऱ्यांनाही तो होतो. तेव्हा मी खरं बोललो असतो, तरी भाऊ वाचलाच असता असं नाही. पण बायकोच्या लेखी दारुडा ठरून तरी मेला नसता. मी चाळीस वर्षं चोरून प्यायलो, माझं आतडं धड आहे.

दर पोळ्याला वहिनी मला जेवू घालायची. वाढताना म्हणायची, "भाऊजी, तुमी तरी त्या नादाले नाई लागले." मी खाली बघून जेवायचो.

मागच्या वर्षी ती गेली. तिच्या दारापर्यंत मी दरवेळी एकच वाक्य घोकत जायचो: वहिनी, थे शिशी माह्यी होती, मले माफ करजा.