सासऱ्यांच्या गाडीचा फूटबोर्ड

आमच्या ह्यांना सगळे ‘शोध्या’ म्हणतात. जुन्या, मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग हुडकून आणायचे, हाच यांचा धंदा. कुणाला आजोबांच्या गाडीचं हँडल हवं असतं, कुणाला दिव्याची काच. हे भंगाराच्या ढिगात शिरणार आणि संध्याकाळी काळेकुट्ट होऊन खुशीत घरी येणार. यांचे शर्ट धुता धुता मलाही त्यातलं थोडंफार कळायला लागलं.

नवा पत्रा वाकवून केलेली नक्कल यांना खपत नाही. भाग त्याच जातीच्या गाडीचा हवा. शोधायला निघण्याआधी मूळ भागाचा बाक पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायचा, तो नमुना कापून बगलेत मारायचा, आणि त्याला तंतोतंत बसेल तेच उचलायचं.

सासऱ्यांची गाडी मोठ्या दिरांकडे होती. दोघा भावांनी मिळून ती पुन्हा उभी केली. इंजिन सुरू झालं, रंगही झाला. राहिला चालकाच्या बाजूचा फूटबोर्ड, म्हणजे दाराखालची लांब पायरी. ती गंजून तिची चाळण झाली होती. नेमक्या त्याच वेळी दिरांच्या कण्यातल्या नसा दबल्याचं निघालं. पाय हळूहळू बधिर होत जातील आणि यावर उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. दीर कधी हूं की चूं करणारे नव्हेत. यांना तेवढं म्हणाले, “पाय आहेत तोवर एकदा स्वतः चढून बाबांच्या जागेवर बसायचंय.”

मी म्हटलं, तोवर स्टूल ठेवा. तर दीर म्हणाले, स्टूल बल्ब बदलायला असतं. मग यांना म्हटलं, पत्रेवाल्याकडून एक पायरी वाकवून घ्या, कोण बघतंय? पण पालथ्या घड्यावर पाणी. बाबांच्या गाडीला नकली पायरी लावायची नाही म्हणजे नाही.

एका भंगारवाल्याकडे तसाच फूटबोर्ड निघाला. यांनी नमुना लावून पाहिला, तर पुढच्या टोकाला दीड बोटाचा फरक. ठेवून आले. दीर तेव्हा काठी टेकत का होईना, अंगणात फेऱ्या मारत होते. नंतर तो फूटबोर्ड दुसऱ्याच कुणीतरी नेला.

पुढे बरेच महिने गेले. दिरांची काठी सुटली आणि चाकांची खुर्ची आली. मग लांबच्या एका गावात दुसरा फूटबोर्ड सापडला. त्यालाही तेवढाच, त्याच टोकाला फरक! हे रिकाम्या हातांनी परतले, ते थेट गाडीपाशी जाऊन आडवे झाले आणि ज्यांवर पायरी बसते त्या सांगाड्याच्या ब्रॅकेटांना पुठ्ठा लावून बघू लागले. ब्रॅकेट एका रेषेत होते. पुठ्ठाच खाली झुकलेला होता.

सासरे अंगानं भारी. चढता-उतरता त्यांच्या वजनानं ती पायरी वर्षानुवर्षं दबत गेली होती, आणि यांनी नमुना घेतला तो त्या दबलेल्या पायरीचा. जगाला सांगत फिरायचे, आधी सांगाडा तपासा, मग नमुना घ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण बाबांच्या गाडीतलं काही वाकडं असेल, हे यांच्या मनातच आलं नाही. मला असा संताप आला होता! तोंडावर चार शब्द आलेही होते. पण हे जमिनीवरून उठेचनात, तेव्हा गिळले.

दुसऱ्या दिवशी जाऊन तोच फूटबोर्ड आणला. बिनबोभाट बसला. दिरांची खुर्ची गाडीजवळ आणली, आणि हे त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

“दादा, पहिलाच बरोबर होता. तेव्हा तू चालत होतास. चूक माझी.”

दिरांनी खुर्ची पुढे ढकलून पायरीला भिडवली. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

“उचल मला,” ते म्हणाले.

यांनी मागून काखेत हात घालून त्यांना उचललं आणि पायरीवर उभं धरलं. सगळा भार यांच्याच छातीवर होता. दिरांनी दाराची कड घट्ट धरली होती. खाली वाकून बघणं त्यांना जमत नव्हतं.

“टेकले का रे पाय?” त्यांनी विचारलं.

एक पाय घोट्यात मुडपून आडवा पडला होता. मी खाली बसले आणि तो हातानं सरळ करून ठेवला.

“टेकले, दादा,” हे म्हणाले.