बाजरीएवढी नळी

माझ्या धाकट्या बहिणीला ऐकू येत नाही, हे आमच्या घराला आधी शाळेने कळवलं, आणि तेही चुकीच्या शब्दांत. बाईंनी आईला बोलावून सांगितलं, "मुलगी मंद आहे. हाक मारली तरी ढिम्म बसते. घरी जरा लक्ष देत जा." आई सिन्नरकडची. शाळेत जाताना ठेवणीतली साडी नेसणारी. घरी आल्यावर तिने धाकटीला समोर बसवलं आणि विचारलं, "बाई शिकवत्यात तवा तू काय करते गं?"

धाकटी म्हणाली, "बघते."

ती खरंच बघायची. पाच वर्षांची पोर, टीव्हीच्या काचेला नाक लावून बसायची. मैत्रिणी हसल्या की मागाहून हसायची. सर्दी झाली की अगदीच दगड व्हायची आणि एखाद्या दिवशी मात्र मागून मारलेली हाकही तिला ऐकू जायची. त्यामुळे शेजारच्या काकूंचं ठाम मत होतं, "भाव खाते तुमची. लिमलेटच्या गोळीचं बरं ऐकू येतं." आई लसूण घालून कोमट केलेलं तेल तिच्या कानात सोडायची आणि वर कापसाचा बोळा लावायची. त्या बोळ्याने जे थोडं ऐकू येत होतं तेही बंद व्हायचं.

माझे वडील, म्हणजे अण्णा, नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरूनच. 'कामगार बंधूंनो' हे मला 'कमळ'च्या आधी लिहिता यायचं. जेवणं झाली की अण्णा नवं पत्रक मोठ्याने वाचायचे आणि मला विचारायचे, "कुठे अडलं?" मी जिथे अडायची ते वाक्य खोडून टाकायचे. शाळकरी पोरीला जे कळत नाही ते पाळी सुटल्यावर घाईने घरी निघालेल्या माणसाला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. धाकटी तेवढ्या वेळात पत्रकांच्या घड्या घालायची. तिच्याइतकी सरळ घडी घरात कुणाची पडत नसे. वाचनाशी तिचा संबंध नव्हता. का नव्हता, ते आम्हाला फार उशिरा समजलं.

शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात कानाचे एकच डॉक्टर होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. माणूस वाईट नव्हता आणि माझं भांडण माणसाशी नाही. त्यांनी धाकटीच्या कानात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. मग अण्णांच्या बाहीवरचे खळीचे डाग पाहून म्हणाले, "युनियनवाले दिसता. पोस्टरची खळ शिजवता ना? पोरीच्या पडद्यामागे तसं झालंय. आधी पाणी साचलं, ते निघेना, आता घट्ट होत चाललंय. पडदा हलला तर ऐकू येणार. तो हलतच नाही."

"मग मंद नाही ती?" आईने विचारलं.

"मंद कशाची. अहो, विहिरीच्या तळाशी बसून तुमचं बोलणं ऐकतेय ती."

आई तिथेच बाकावर बसली. तेलाची गोष्ट तिने डॉक्टरांना सांगितली नाही.

डॉक्टरांनी आधी थांबायला सांगितलं. पुष्कळ मुलांचं हे आपोआप ओसरतं म्हणाले, आणि ते खरं आहे. औषध दिलं. आम्ही सगळा हिवाळा थांबलो. ओसरलं नाही. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक छोटी काचेची बाटली काढली आणि तळहातावर एक नळी ओतून दाखवली. बाजरीच्या दाण्याएवढी, मध्ये भोक असलेली, पांढरी. भूल देऊन, पडद्याला बारीक छेद देऊन, साचलेलं ओढून काढायचं आणि ही नळी त्यात बसवायची. आत हवा खेळली की पडदा मोकळा. वर्षभरात नळी आपली आपण गळून पडते, छेद भरतो. "आमच्यासाठी रोजचं काम आहे," ते म्हणाले. "पण इथे नाही जमायचं. इथली ऑपरेशनची दुर्बीण बंद आहे. संध्याकाळी माझ्याकडे आणा."

माझ्याकडे म्हणजे त्यांच्या खाजगी दवाखान्यात.

त्याच रांगेत पेठ तालुक्यातून एसटीने आलेली एक बाई होती. तिच्या मुलाच्या दोन्ही कानांतून पू यायचा. तिलाही हेच सांगितलं होतं, की दुर्बीण बंद आहे. संध्याकाळचं तिला कुणी सांगितलंही नव्हतं, कारण संध्याकाळी तिची परतीची गाडी निघून जाते हे सगळ्यांना दिसत होतं. ती अण्णांना म्हणाली, "दादा, दर टायमाला बंदच हाये. चालू कदी व्हते ती?"

अण्णा असल्या प्रश्नावर घरी जाणारे नव्हते. त्यांनी वॉर्डमधल्या ओळखीच्या माणसाला गाठलं. त्याने त्यांना ऑपरेशनच्या खोलीत नेलं. दुर्बीण कोपऱ्यात उभी होती, तिच्यावर हिरवं फडकं टाकलेलं. त्या माणसाने बटण दाबलं आणि दिवा लागला.

"आजारी नाही ती," तो म्हणाला. "वरच्या साहेबाच्या नातवाला लागली तेव्हा चालली की."

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे बोलणं झालं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण आई आणि अण्णा भांडत नसत. आई अण्णांच्या पत्रकांना 'माझी सवत' म्हणायची, पण हसून. त्या दिवशी हसली नाही.

"अहो, माझा भाऊ पैसे द्यायला तयार आहे. आधी पोरीचं करून घ्या, मग काय पत्रक काढायचं ते काढा."

"आधी झालं की मग पत्रक कोण काढतं?"

"तुम्ही काढाल."

"मी काय लिहू त्यात? माझ्या पोरीचं मागच्या दाराने झालं, आता तुम्ही पुढच्या दाराने ओरडा? अगं, ज्याचं काम होतं तो गप्प बसतो. म्हणून तर ते फडकं निघत नाही."

"पेठच्या पोराचं तुम्हाला लय दिसतं. हिचं?"

"दोघांचं एकच आहे."

"नाय," आई म्हणाली. "एक नाय. हिला मी जन्म दिलाय."

अण्णा लिहायला बसले. 'दुर्बीण बंद, दुकान चालू' हा मथळा. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि एकाही वाक्यावर मी अडले नाही. शेवटी मागणी होती: पंधरवड्याच्या आत सरकारी दवाखान्यात सगळ्या मुलांच्या कानांवरच्या शस्त्रक्रिया मोफत सुरू करा. धाकटीने घड्या घातल्या. तिच्याच कानाबद्दलचं पत्रक तिने घडी घालून माझ्या पिशवीत भरलं. अंबडच्या गेटवर पाळी सुटताना आणि दवाखान्याच्या दारात आम्ही ते वाटलं. लोकांनी घेतलं, उभं राहून वाचलं. एका म्हाताऱ्याने पुन्हा येऊन दुसरं मागितलं. मला आठवतंय, मी कधीच इतकी खूश झाले नव्हते.

पत्रक लागू पडलं. हे मला स्वच्छ सांगितलं पाहिजे, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की ते वाया गेलं. गावातल्या वर्तमानपत्राने बातमी केली. मोर्चा निघाला. चौकशी लागली. फडकं निघालं, दुर्बिणीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, फोटो छापून आला. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची बदली दूरच्या जिल्ह्यात झाली. त्यांनी नोकरीच सोडली. नाशिकमधला दवाखानाही बंद करून ते कुठेतरी निघून गेले.

दुर्बीण चालू झाली. तिच्यात डोळा लावणारं कुणी उरलं नाही.

जागा भरू, असं आम्हाला सांगण्यात आलं. अण्णांनी दुसरं पत्रक काढलं. डॉक्टर द्या. ते कमी लोकांनी घेतलं. तिसरं गेटबाहेरच्या रस्त्यावर पायदळी तुडवलेलं मी पाहिलं. मागणी मान्य झालेलीच होती ना, आता काय, असे चेहरे. माणसाला एका अन्यायाबद्दल एकदाच चिडता येतं, असं मला तेव्हा वाटलं. आज तसं वाटत नाही. आज वाटतं, ज्यांनी ती बदली केली त्यांना हे आमच्या आधी ठाऊक होतं. चोराला हाकलून दिलं, दार उघडं ठेवलं, आणि आत काहीच ठेवलं नाही.

आई अण्णांना न सांगता धाकटीला घेऊन दुसऱ्या एका खाजगी डॉक्टरकडे गेली. मी बरोबर होते. त्यांनी नाव-पत्ता विचारला आणि मान वर केली. "ते पत्रकवाले तुमचेच का?" आईने हो म्हटलं. तिला खोटं बोलता येत नसे. डॉक्टर हसले. "आमच्यावर नका काढू हं." मग कान पाहिला, अगदी थोडा. म्हणाले, "घाई नको. मोठी होईल तसं सुटेल. नाहीतर मुंबईला दाखवा." जिन्यावरून उतरताना आई मला म्हणाली, "हात लावायला भ्याला तो." मग थोड्या वेळाने, "भिणारच ना."

मुंबईला जायला आणखी किती काळ गेला हे मी लिहीत नाही, कारण तो हिशेब घातला की दोष घरातल्याच कुणावर तरी येतो. आजीचं आजारपण होतं, कारखान्यात टाळेबंदी होती, आणि धाकटीचं दुखत नव्हतं. हेच या आजाराचं वाईट. दुखत नाही. पोर रडत नाही. ती फक्त थोडी थोडी घरातून निघून जाते. मग एका पावसाळ्यात कानातून घाण वास यायला लागला, चक्कर यायला लागली, आणि आम्ही तिला घेऊन मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पडदा आत ओढला जाऊन चिकटलाय, त्या खळग्यात वाढलेल्या कातडीने कानातली बारीक हाडं खाल्लीत. आता मेंदूकडे सरकायच्या आत काढावं लागेल.

अण्णांनी विचारलं, "नळी नाही बसवता येणार?"

"नळी कशात बसवू?" त्या म्हणाल्या. चिडून नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. जीव वाचला. डावा कान गेला. उजव्यात जे आहे ते मशीन लावून, समोर बसून, सावकाश बोललं तर. सातवीनंतर शाळा सुटली.

नातेवाईक मला सांगतात, तुझ्या बापाने तत्त्वापायी पोरीचा बळी दिला. मी त्यांना विचारते, चालू यंत्रावर फडकं कुणी टाकलं होतं? गेलेल्या डॉक्टरच्या जागी दुसरा डॉक्टर कुणी पाठवला नाही? त्यावर ते म्हणतात, ते सगळं खरं, पण. या 'पण'चा मला राग येतो. त्या पत्रकातला एक शब्दही मी आज बदलणार नाही. आणि त्या पत्रकाने माझ्या बहिणीला काही ऐकू आलं नाही, हेही मी बदलू शकत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या आत आहेत, आणि एकीनेही दुसरीला हरवलेलं नाही. मी आता स्वतः पत्रकं लिहिते. ती जागा अजून रिकामी आहे. मधे एक डॉक्टर आले होते, काही महिने नुसते कान तपासून गेले.

धाकटी आता एकोणीस वर्षांची आहे. अंबडमध्येच पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या खात्यात कामाला जाते. तिथल्या आवाजाने इतर पोरी टिकत नाहीत. मुकादमाला ती फार पसंत आहे. "हिला काय त्रास नाही," असं तो आमच्यासमोरच म्हणाला होता.

गेल्या महिन्यात दुपारच्या पाळीला जायच्या आधी ती डबा भरत होती. अण्णा खुर्चीत होते. नळीची गोष्ट तिला मुंबईपासून माहीत होती, पण तिने कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी डब्याचं झाकण लावता लावता, जरा मोठ्याच आवाजात, तिने विचारलं, "अण्णा, तेव्हा त्या डॉक्टरकडे नेलं असतं तर मला ऐकू आलं असतं?"

अण्णांनी चष्मा काढला. तिच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "हो. बहुतेक आलं असतं."

तिने मान हलवली. रागावली नाही. मीच तिच्या वाटचंही रागावते. मग म्हणाली, "आणि बाकीच्या पोरांचं झालं का? ज्यांच्यासाठी थांबलो?"

"नाही."

"कुणाचंच?"

"कुणाचंच नाही."

ती डबा हातात धरून उभी राहिली. "मग?" ती म्हणाली.

आई ओट्याशी पाठ करून उभी होती. मी काहीतरी बोलायला गेले, पण प्रश्न मला नव्हता. धाकटी अण्णांच्या तोंडाकडे बघत थांबली आणि बस चुकेल म्हणून निघून गेली.