दाराशी उभी राहिलेली सरपंच

इंदूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात घरीच, टीव्ही मालिकेचा पुढचा भाग लिहीत बसले होते. सकाळी चहा घेतला, वाफ्यातल्या मेथीला पाणी घातलं आणि ओसरीवर जरा टेकली ती उठलीच नाही, असं मावसभाऊ सांगत होता. त्याला आता दीड महिना झाला. पंच्याहत्तरी ओलांडलेली, कुणाला त्रास न देता गेली... रडू आलं, पण मन कडू झालं नाही.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. चोपड्याच्या पुढे, केळीच्या पट्ट्यातल्या एका गावात दिलेली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिथलं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि नानांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, तिचा अर्ज भरला. कारभार आपणच पाहायचा हे त्यांनी गृहीत धरलं होतं. खरं तर तिनेही. ग्रामसेवक कागद घरी आणायचे, ती चुलीपाशी हात पुसून सही करायची. अशाच एका कागदाने गावाबाहेरच्या वस्तीसाठी मंजूर झालेला हातपंप देवळाच्या चौकात हलवला. वस्तीतल्या दोन बायका दारात आल्या. अक्का, तुमचीच सही आहे म्हणतात, एवढंच बोलल्या. तिने तो कागद वाचलाच नव्हता. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. तिच्या खुर्चीत नाना बसले होते, भोवती चार माणसं. ती दाराशी नुसती उभी राहिली. कुणीतरी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही. दहा वाजता आली होती, बारा वाजून गेले तरी उभीच. शेवटी, मळ्यात पाणी सोडायचंय, असं पुटपुटत नाना उठले. मावशी खुर्चीत बसली आणि तिने पहिल्यांदा कागद वाचायला मागितला. हातपंप वस्तीत बसायला पुढे आठ महिने लागले. नाना काही दिवस घुश्श्यात होते, मग निवळले.

हा प्रसंग मी मालिकेत घालायला गेले, तर वाहिनीवाल्यांना पटेना. बाई दोन तास नुसती उभी राहते, यात घडतं काय, असं त्यांचं म्हणणं. मग मी तिच्या तोंडी भरसभेत भाषण घातलं, एका गुंडाच्या कानाखाली वाजवायला लावली आणि सरतेशेवटी घर सावरण्यासाठी राजीनामाही द्यायला लावला. मावशीने एकही भाग चुकवला नाही. दिवाळीत भेटले तेव्हा केळीचे वेफर्स पुढे ठेवत म्हणाली, "बोलस बठ्ठं, पन सही कोन करस?" मालिकेतली बाई सगळं बोलते, पण सही करताना दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

मी हसले. ती हसली नाही. तिने स्वतः कधीच राजीनामा दिला नव्हता; तो विषय निघाला तशी हळूच म्हणाली, "पोरी, तुले तर माहीत व्हतं ना?"



पुढच्या मालिकेत मी अडून बसले. भाषण नको, संगीत नको, बाई फक्त दाराशी उभी राहील. कुरकुर करत त्यांनी ते घेतलं. तो भाग लागला तेव्हा मावशीने नानांना शेजारी बसवून घेतलं होतं. फोनवर एवढंच म्हणाली, "आते बरं शे." मला मिळालेली तेवढी एक दाद मी जपून ठेवली आहे.

तेराव्यानंतर नानांना घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले. आता तिथे गावातलीच तिशीतली एक सून सरपंच आहे. सरपंचांच्या घरच्यांना बसायला मावशीने बाहेर व्हरांड्यात सिमेंटचा बाक बांधून घेतला होता, तो तसाच आहे. बायकोला सोडायला आलेला त्या सरपंचबाईंचा नवरा आत जावं की नाही अशा विचारात घुटमळत होता. नाना आधी स्वतः बाकावर बसले, शेजारची धूळ हाताने झटकली आणि त्याला म्हणाले, "बस आठे. हवा चांगली शे."